स्वतंत्र संचालक नेमकं काय करतात?

प्रश्न : एका मोठ्या खासगी बँकेचे शेअर माझ्याकडे आहेत. स्वतंत्र संचालक बैठकीपुरतेच असतात का? त्यांनी राजीनामा दिला तर काय पाहावं?

उत्तर : स्वतंत्र संचालक म्हणजे बँकेच्या व्यवस्थापनाशी किंवा प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले संचालक. कागदावर तरी त्यांच्या हाती बरंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार संचालक मंडळाचा अध्यक्ष स्वतंत्र संचालकच हवा. हिशेबतपासणीवर लक्ष ठेवणाऱ्या लेखापरीक्षण समितीत कार्यकारी संचालक (बँकेचा रोजचा कारभार पाहणारे) चालत नाहीत, किमान दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र लागतात आणि तिचा अध्यक्ष दुसऱ्या कुठल्याही समितीचा अध्यक्ष नसतो. स्वतंत्र संचालकाचा कार्यकाळ जास्तीत जास्त 8 वर्षं.

घोडं अडतं ते माहितीपाशी. बँकेला प्रश्न विचारायचे, पण उत्तरांचे कागद व्यवस्थापनच पुरवणार! बैठकीची सूचना 7 दिवस आधी मिळते; शेकडो पानांची टिपणं मात्र ऐनवेळी आली, तर बुडीत कर्जावरचा नेमका प्रश्न सुचणार कधी? म्हणून असहमती इतिवृत्तात नोंदवून घेणं महत्त्वाचं. पुढे जबाबदारी ठरताना तीच नोंद कामी येते.

राजीनाम्याचं पत्र, सविस्तर कारणांसह, बँकेला 7 दिवसांत शेअर बाजाराला कळवावं लागतं. ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर वाचा. ‘वैयक्तिक कारण’ असेल आणि त्याच सुमारास लेखापरीक्षकही बाहेर पडला असेल, तर सावध व्हा.