पहिला जुना फिल्म कॅमेरा: निकॉन, पेंटॅक्स, ऑलिंपस की कॅनन?

तुम्ही विचारलंय की निकॉन एफएम२, पेंटॅक्स के१०००, ऑलिंपस ओएम-१ आणि कॅनन एई-१ यांपैकी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, कारण पुढे त्याच माउंटच्या (म्हणजे बॉडीला लेन्स जिथे अडकते त्या जोडणीच्या) लेन्स जमवायच्या आहेत. मी रत्नागिरीची. बरीच वर्षं जुने कॅमेरे वापरतेय, त्यामुळे माझं उत्तर आमच्या दमट हवेतून आलेलं आहे.

आधी लेन्स बघा, बॉडी नंतर. बॉडी बिघडली तर त्याच माउंटची दुसरी मिळून जाते. पण तीन-चार लेन्स जमल्यावर माउंट बदलायचं म्हणजे सगळं विकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय पावसाळ्यात आधी लेन्स खराब होते, शटर नव्हे.

माझी पहिली ५० मिमी लेन्स मी फोटो बघून मागवली होती. बाहेरून नवी कोरी. आत मागच्या काचेवर बुरशी होती. साफ करून घेतली, पण तोवर बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं. उन्हाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो धुरकट यायचा. तेव्हापासून लेन्स हातात घेतली की अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडते, मागून मोबाईलची टॉर्च तिरकी मारते आणि पुढून बघते. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिचं काही वाटून घेऊ नका. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी असते, बहुतेक वेळा कडेकडून आत सरकलेली. मग अ‍ॅपर्चरची पाती बघा. त्यांच्यावर तेलाची चमक असेल तर ती अडकत अडकत मिटतात. ती लेन्स सोडून द्या.

आता तुमचे चार कॅमेरे.

एई-१ (१९७६) हाताला फार छान लागतो, आणि त्याच्या एफडी माउंटच्या लेन्स उत्तम आहेत. पण त्याचं शटर विजेवर चालतं. सहा व्होल्टचा सेल संपला की कॅमेरा ठप्प. १९८७ मध्ये कॅननने माउंटच बदललं, त्यामुळे एफडी लेन्स कॅननच्या डीएसएलआर डिजिटल कॅमेऱ्यावर साध्या अ‍ॅडॅप्टरने दूरचा फोकस धरत नाही. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) मात्र ती मस्त चालते. तुमच्याकडे मिररलेस असेल तर हा मुद्दा बाजूला ठेवा.

के१००० शिकायला सरळ आहे. शटर यांत्रिक, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला, तोही एकच, घड्याळवाल्याकडे मिळणारा एलआर४४. मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सचं झाकण लावायची सवय ठेवा, नाहीतर सेल उतरतो.

ओएम-१ वर माझं मनापासून प्रेम आहे. योशिहिसा मायतानी यांनी १९७२ मध्ये कॅमेरा लहान कसा करता येईल हे दाखवून दिलं. शटरचा वेग लेन्सभोवतीच्या रिंगवर आहे, त्यामुळे डोळा न हलवता डाव्या हाताने फोकस, अ‍ॅपर्चर, वेग सगळं होतं. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, तर इतका मोठा आहे की त्यातून बाहेर यावंसं वाटत नाही. अडचणी दोन. मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलाय आणि ते सेल आता बनत नाहीत. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल छोटी रिंग लावून चालतो, पण हवा लागली की काही आठवड्यांत संपतो. दुसरं म्हणजे प्रिझमवरचा (व्ह्यूफाइंडरच्या वरच्या काचेवरचा) स्पंज कुजतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये डाग दिसू लागतात. घेण्याआधी पांढऱ्या भिंतीकडे धरून बघा.

तुमच्या जागी मी असते तर निकॉन घेतला असता, पण एफएम२ नाही. त्याच्या आधीचा, १९७७ चा साधा एफएम. एफएम२ चं १/४००० सेकंदाचं शटर कागदावर भारी दिसतं, पण साध्या एफएमचं १/१००० रोजच्या कामाला पुरतं आणि किंमत सहसा कमी असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एफएमच्या माउंटजवळची एक बारीक कळ वर उचलता येते, त्यामुळे १९७७ च्या आधीच्या, नव्या जोडणीसाठी बदल न केलेल्या लेन्सही बसतात. एफएम२ वर त्या लावू नका. निकॉनचं हे माउंट १९५९ पासूनचं, त्यामुळे बाजारात जुन्या लेन्स भरपूर. ५० मिमी एफ/१.८ ची सिरीज ई हलकी आणि स्वस्त असते. तिच्यापासून सुरुवात करा, मग २८ किंवा १०५ मिमी.

मुंबईला जाणार असाल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात हाताळून घ्या. मागचं झाकण उघडून कडेचा, उजेड अडवणारा स्पंज बोटाने दाबा. बोटाला काळं चिकट लागलं तर तो बदलावा लागेल. ते काम मोठं नाही, फक्त भाव करताना लक्षात ठेवा.

पहिला रोल फक्त तपासणीसाठी खर्च करा. सावलीतली एकच भिंत १/१००० ला एफ/२.८, १/५०० ला एफ/४, १/२५० ला एफ/५.६, १/१२५ ला एफ/८ अशी घ्या (आधीचा आकडा शटरचा वेग, एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा). निगेटिव्ह सगळ्या सारख्या गडद आल्या तर शटर ठीक. एखादीच्या एका कडेला फिकट पट्टा दिसला तर शटरचे पडदे एका वेगाने धावत नाहीत. म्हणून परत करायची मुदत विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, निदान रोल धुऊन येईपर्यंतची.