बाबांची गाडी आणि पंधरा लाखांची ठेव

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई-बाबा दोघंच जुळे सोलापुरात राहतात. घरची गाडी २००९ ची, छोटी, पेट्रोलवरची. बाबांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांनी क्लच बंद केलाय. आईचेही गुडघे दुखतात. महिन्याला फिरणं जेमतेम ३०० किलोमीटर. बाबांचे १५ लाख दीड वर्षापासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. त्यातून १३ लाखांची नवी डिझेल एसयूव्ही घ्यावी, की चुलतभावाची २०१४ ची डिझेल सेडान ३ लाखांना घ्यावी? माझ्याकडे ३ लाख बाजूला आहेत आणि महिन्याला १० हजार देऊ शकतो.

आधी ठेवीचं बोलू. या योजनेतून हवे तेवढे पैसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे २२,५०० रुपये गेले. ते एकदाच जातील, सोडून देऊ. पण ८.२ टक्क्यांनी बाबांच्या हातात दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. उरलेले २ लाख त्याच दराने परत ठेवले तरी तिमाहीला ४,१०० च मिळतील. मुलाने गाडी घेऊन दिली असं सगळ्यांना सांगायचं आणि पेट्रोल-औषधांसाठी बाबांनी हात आखडायचा, हे मला पटत नाही. ठेवीला हात लावू नका.

डिझेलही नको. महिन्याला ३०० किलोमीटरच्या हिशेबात, पेट्रोल लिटरला १०५ धरलं तरी, डिझेलमुळे फार तर ५०० रुपये वाचतील. शिवाय नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. जुळे सोलापूर ते नवी पेठ आणि परत, एवढ्यावर तो तुंबतो आणि मग गॅरेजवाल्याचं बिल येतं. वर्षातून चारदा अक्कलकोट आणि एकदा पंढरपूर केल्याने त्याचं पोट भरत नाही.

चुलतभावाची सेडान क्लचची असेल तर विषयच संपला. नसली तरी तिची नोंदणी २०२९ ला संपते आणि सीट इतकी खाली असते की आईला उठताना हात द्यावा लागेल. भावाला ‘नाही’ म्हणणं अवघड जाईल, माझं नाव सांगा.

माझ्या मते उंच छताची, ऑटोमॅटिक गिअरची छोटी पेट्रोल गाडी घ्या. वॅगनआर एजीएस (एजीएस म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची) हे सरळ उदाहरण. टियागोची ऑटोमॅटिकही बघा, पण ती थोडी बुटकी आहे. सीट कमरेच्या पातळीला हवी: खाली वाकायला नको आणि वर चढायलाही नको. सोलापुरात गाडीच्या उंचीवरून घरची ऐपत मोजणारे पाहुणे असतात, त्यांना चहा द्या. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी सेस धरून २९ होता. एक्स-शोरूम ६ लाख धरा. राज्याचा ११ टक्के कर म्हणजे ६६,०००. विमा धरून ७ लाखांच्या आसपास जाईल. तुमचे ३ लाख आणि ४ लाखांचं कर्ज: ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता ८,३०० च्या घरात, तुमच्या १० हजारांत बसतो. जुनीच घ्यायची असेल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची चिंता राहणार नाही.

आता एक गोष्ट जी शोरूमवाला आपणहून सांगेलच असं नाही. गाडी बाबांच्याच नावावर घ्या. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो आणि नव्या गाडीच्या विम्यात आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो, त्यातून वजा मिळतो. तुमच्या नावावर घेतलीत तर बाबांचा बोनस वाया. जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा असेल तर मात्र बोनस नाहीच, आधी पॉलिसी उघडून बघा. कर्जात तुम्ही सहअर्जदार व्हा. बाबांच्या वयामुळे बँक तसंही मागेल. तुमचे ३ लाख बाबांच्या खात्यात भरा, मुलाने वडिलांना दिलेल्या पैशांवर त्यांना आयकर लागत नाही.

बाबांचं लायसन्सही काढून तारीख बघा. पंचावन्ननंतर ते एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आपण दहा-पंधरा वर्षं नव्हे, सहा-सात वर्षं वापरायची गाडी निवडतोय. पुन्हा विकताना सोलापुरात सहज गिऱ्हाईक मिळेल अशीच घ्या.

आणि बुकिंगआधी दोघांनाही शोरूमला न्या. टेस्ट ड्राइव्ह दुपारी घ्या, उन्हात एसी किती वेळात गार करतो ते कळेल. बाबांना नवी पेठेतल्या गर्दीतून चालवू द्या. आईला मागच्या सीटवर पाच वेळा बसायला-उठायला लावा. सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे.