'अमाए' म्हणजे आईची माया नव्हे!

प्रश्न असा आला आहे: जपानी अ‍ॅनिमेतल्या प्रेमळ आयांबद्दल बोलताना 'अमाए' हा शब्द सारखा येतो, त्याला मराठीत 'आईची माया' म्हणावं का?

मुळीच नाही. चाहत्यांच्या लिखाणात ही चूक इतक्यांदा वाचली की आता राहवत नाही. माया आई करते. अमाए मुलाचं असतं. 'अमाएरु' म्हणजे लाडात येणं. लाड करणारीचं क्रियापद वेगळं, 'अमायाकासु'. 'माय नेबर टोटोरो' या अ‍ॅनिमेशनपटात (१९८८) इस्पितळातली आई थोरल्या सात्सुकीचे केस विंचरते आणि धाकटी मेई 'मी पण, मी पण' करते. मेईचं चाललंय ते अमाएरु, आणि आईचा केसांवरून फिरणारा हात अमायाकासु.

शब्दाचं नातं 'अमाइ'शी, म्हणजे गोडाशी. आपली 'लाडीगोडी' आठवली ना? मनोविश्लेषक ताकेओ दोई यांनी १९७१ साली या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि तो खास जपानीचाच असल्याचं मांडलं. मला हे साफ अमान्य आहे. इंग्रजीत असा शब्द सापडला नाही म्हणून जगात नाही, हा कुठला न्याय? लाडात येणे, लाडावणे, लडिवाळपणा... मराठी घरात एक दुपार काढली तरी हे सगळे कानावर पडतील.

खरी गंमत पुढेच आहे. सारखं लाडात येणारं मूल म्हणजे 'अमाएन्बो', हुबेहूब आपला लाडोबा! यातला 'बो' मुळात बौद्ध भिक्षूंचं निवासस्थान. त्यावरून तो भिक्षूलाच लागला, आणि लहान मुलांची डोकीही भिक्षूंसारखी भादरलेली असायची म्हणून मुलांना चिकटला. तान्हं बाळ 'आकान्बो' तेही यातूनच. आता आपला 'ओबा' बघा: विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा. देवाला आणि संताला लावायचा आदराचा प्रत्यय आपण आईच्या पदराशी झोंबणाऱ्या पोराला लावला. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, तरी दोघींनी लाडावलेल्या मुलासाठी देवळातलाच शब्द उचलला, असं माझं ठाम मत आहे.

एका ठिकाणी मात्र वाट फुटते. रडक्या मुलाला जपानीत 'नाकिमुशी' म्हणतात, म्हणजे रडका किडा. मराठीने त्यालाही 'रडोबा' केलं.