स्लॅबचे दर टेबलातच ठेवा

तुमचा प्रश्न: चालू खात्यात रोख भरण्याचं शुल्क एका मर्यादेपर्यंत माफ आणि पुढे हजारामागे अमुक, तर एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) क्रिएट टेबल करून टप्पे मांडावेत, की क्वेरीत, म्हणजे माहिती काढायच्या आज्ञेतच, केस-व्हेन ('ही अट जुळली तर हा दर') लिहून भागेल?

नाही भागत. एका सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात असताना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या साहेबांशी मी याच मुद्द्यावर भांडलोय. त्यांचं पालुपद ठरलेलं: "दर काय रोज बदलतात का?"

आमचं प्रकरण एनईएफटीचं, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या सेवेचं. शाखेतून पैसे पाठवले तर रिझर्व्ह बँकेने घातलेली कमाल मर्यादा अशी: १०,००० पर्यंत अडीच रुपये, पुढे १ लाखापर्यंत ५, २ लाखांपर्यंत १५, त्याच्या वर २५, कर वेगळा. साहेबांनी हे चार टप्पे केसमध्ये बिटवीन ('इथपासून इथपर्यंत', दोन्ही टोकं धरून) लावून ठोकले. बिटवीन ० आणि १००००, मग बिटवीन १०००१ आणि १०००००. दरपत्रकात छापलंच तसं होतं ना! पण एखाद्या दुकानदाराने बिलाबरहुकूम १०,०००.५० पाठवले की रक्कम दोन टप्प्यांच्या मधल्या फटीत. केसला काही जुळायचं नाही, नल (रिकामी किंमत) यायचा, आणि पुढे कोअलेस हे फंक्शन लावून त्या नलचं शून्य केलेलं. शुल्क माफ! ग्राहक कशाला तक्रार करतोय? कॉन्करंट ऑडिटरने (व्यवहार होतील तसे तपासणाऱ्याने) पकडलं आणि शेरा मारला, 'इन्कम लीकेज', म्हणजे उत्पन्नाची गळती. रक्कम चहापाण्याचीही नव्हती, पण शेऱ्याला लेखी उत्तर मॅनेजरला द्यावं लागतं.

त्यावर साहेबांचा उपाय काय, तर १०००१ चं १०००० केलं. म्हणजे बरोब्बर दहा हजार आता दोन्ही टप्प्यांत. केस पहिली जुळणारी अट घेऊन थांबतो म्हणून निभावलं, आणि वर "बघ, चालतंय ना" ऐकून घ्यावं लागलं.

मग १ जुलै २०१७ आला. सेवाकर सगळे उपकर धरून १५ टक्के होता, त्याच्या जागी १८ टक्के जीएसटी. प्रोग्रॅममध्ये ०.१५ कुठे कुठे पेरलंय ते शोधत बसलो आम्ही. पुढे १ जानेवारी २०२० पासून बचत खात्याच्या ऑनलाइन एनईएफटीला शुल्क बंद, की परत नवं व्हर्जन, परत टेस्टिंग. टेबल असतं तर जुन्या ओळीला शेवटची तारीख आणि एक नवी ओळ, बस्स.

टेबल करताना खालची मर्यादा ठेवूच नका. फक्त वरची ठेवा. रक्कम जिच्यापेक्षा मोठी नाही अशा मर्यादांपैकी सगळ्यात लहान घ्यायची: ऑर्डर बाय वरची मर्यादा, लिमिट १, म्हणजे चढत्या क्रमाने लावून पहिली ओळ. फट राहत नाही, एका रकमेला दोन ओळीही लागू होत नाहीत. शेवटच्या टप्प्याला नल नको, भलामोठा आकडा द्या. खात्याचा प्रकार, शाखा की ऑनलाइन, लागू तारीख 'पासून' आणि 'पर्यंत' हे कॉलम हवेतच, आणि टप्पा शोधताना तारीख व्यवहाराची लावा, आजची नव्हे. कराचं टेबल वेगळं. रक्कम न्यूमरिकमध्ये (नेमके दशांश ठेवणारा प्रकार), फ्लोटमध्ये (अंदाजे आकडा ठेवणारा प्रकार) पैसे ठेवणाऱ्याला बँकेच्या आसपास फिरकू देऊ नये.

तुमच्या रोख शुल्कासाठी यात हजारामागचा दर, किमान आणि कमाल असे तीन कॉलम वाढवा. माफ मर्यादा महिन्याची असेल तर आधीच्या भरण्यांची बेरीज लागेल, ती टेबलातून येत नाही. आणि दर पूर्ण रकमेला की मर्यादेच्या वरच्या भागालाच, हे बँकेकडून लेखी घ्या. त्यावर क्वेरीच बदलते.

लिमिट १ पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये चालतं, ओरॅकलला फेच फर्स्ट लिहा. एकदाच काढायच्या रिपोर्टपुरतं केस-व्हेन वापरलंत तरी माझी हरकत नाही.

दर भरायची स्क्रीन मात्र बँकेच्याच अधिकाऱ्याच्या हातात द्या, एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. पुरवठादार कुरकुर करेल, कारण दर कोडमध्ये असले की प्रत्येक बदलाची चेंज रिक्वेस्ट (बदलाची लेखी मागणी) होते आणि तिचं बिल लागतं. आमच्या साहेबांना टेबल का नको होतं ते मला त्या बिलांच्या फाइलीत कळलं. तुम्ही करारावर सही व्हायच्या आधीच ही स्क्रीन मागून घ्या, नंतर मागितलीत तर तिचंही कोटेशन येईल.