बाहेरची खबर जीनपर्यंत पोचते कशी?

प्रश्न: जंतू पेशीच्या बाहेर असतो, मग आतल्या डीएनएला कळतं कसं?

निरोप हातोहात जातो. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणारी पेशी, तिच्यावर टीएलआर-४ हा रिसेप्टर, म्हणजे बाहेरची खूण ओळखणारं प्रोटीन असतं, त्याला काही बॅक्टेरियाच्या कवचातला एलपीएस हा पदार्थ सापडला की आत एकामागून एक प्रोटीन जागी होतात आणि शेवटी आयकेके नावाचं एन्झाइम चालू होतं. आता जीन चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रोटीन तर आधीपासून तयारच असतं हो, फक्त आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रोटीनने त्याला न्यूक्लियसच्या बाहेर धरून ठेवलेलं असतं, आयकेके त्या धरणाऱ्यालाच फॉस्फेट चिकटवतं, मग पेशी त्याचा फडशा पाडते आणि सुटलेलं एनएफ-कप्पा-बी आत जाऊन टीएनएफ, आयएल-६ वगैरे सूज आणणाऱ्या प्रोटीनचे जीन चालू करतं. नवीन काही बनवत बसायचं नाही, म्हणून काही मिनिटांत काम होतं. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना एनएफ-कप्पा-बी हे अँटिबॉडी बनवणाऱ्या ‘बी’ पेशींत सापडलं, अँटिबॉडीच्या कप्पा साखळीच्या जीनपाशी, म्हणून नावात कप्पा.

प्रश्न: मग ते बंद कोण करतं?

मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. एनएफ-कप्पा-बी जे जीन चालू करतं त्यात आय-कप्पा-बीचाही जीन असतो, म्हणजे स्वतःला धरणारा तेच पुन्हा तयार करतं. हा ब्रेक नीट लागला नाही की सूज रेंगाळते.

प्रश्न: बाबांची किडनी बदललीये, टॅक्रोलिमस चालू आहे. सारखी रक्ततपासणी कशाला?

टी पेशीला, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीला, परकी किडनी दिसली की आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम जागं होतं, ते एनएफएटी नावाच्या प्रोटीनवरचे फॉस्फेट काढतं, मग एनएफएटी न्यूक्लियसमध्ये जाऊन आयएल-२ या टी पेशी वाढवणाऱ्या प्रोटीनचा जीन चालू करतं आणि टी पेशींची फौज वाढते. टॅक्रोलिमस कॅल्सिन्यूरिनलाच अडवतं. पण डोस कमी पडला तर शरीर किडनी नाकारतं, जास्त झाला तर त्याच किडनीला इजा होते, म्हणून रक्तातली लेव्हल बघावीच लागते. ग्रेपफ्रूट खाऊ देऊ नका, लेव्हल वाढते. आणि गोळी मनाने कमी करू नका, प्लीज.

प्रश्न: संधिवातासाठी टोफासिटिनिब द्यायच्या आधी टीबीची टेस्ट का?

कारण ही गोळी जॅक-स्टॅट हा पेशीतला निरोपाचा रस्ता अडवते, आणि इंटरफेरॉन-गॅमा या प्रोटीनचा निरोप त्याच रस्त्याने जातो, ज्याच्या जोरावर मॅक्रोफेज टीबीच्या जंतूला दाबून ठेवतात. आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात टीबी झोपलेला असतो, त्यामुळे टेस्ट टाळू नका, पॉझिटिव्ह आली तर आधी त्याचं औषध सुरू करतात आणि मग ही गोळी.