स्टेन ओळखताना दस्त्यावर जाऊ नका

प्रश्न : मी ब्रिटनमध्ये राहतो. नुकतीच निकामी केलेली एक स्टेन (ब्रिटिश सब-मशिनगन) घेतली. विक्रेत्याने मार्क 2 सांगितलं, पण नळी फिरवून निघत नाही. मग ही मार्क 3 आहे का?

उत्तर : मार्क 2 ची नळी सुटते, मार्क 3 ची पक्की असते, हे खरं; पण निकामी बंदुकीत नळी निघत नाही यावरून काहीच ठरत नाही. निकामी करताना ती जाम करूनच टाकतात. बंदूक उजेडात घ्या आणि वरून बघा. मागून पुढपर्यंत पाठीवर उंचवटा दिसतोय? मार्क 3 चं अंग पत्रा गुंडाळून केलेलं, त्याच्या कडा वर जोडलेल्या, त्याचीच ती शीर. हा पत्रा नळीच्या टोकाजवळ पोचतो आणि त्याला भोकं असतात. मार्क 2 मध्ये भोकांचा आखूड नट संपला की नळी उघडी. शिवाय मार्क 3 वर रिकामी काडतुसं बाहेर पडतात त्या खिडकीपुढे पत्र्याचा छोटा तुकडा असतो, बोट आत जाऊ नये म्हणून. मार्क 3 बनवली लाइन्स ब्रदर्सनी, म्हणजे ट्राय-अँगची खेळणी करणाऱ्यांनी. खेळण्यातल्या मोटारी वळवणारे हात, पत्र्याचं काम त्यांना नवं नव्हतं!

कोणता मार्क ते सांगणारा शिक्का मॅगझिनच्या घरावर असतो. मार्क 3 मध्ये ते घर वेल्ड केलेलं, म्हणून शिक्का भरवशाचा. मार्क 2 मध्ये ते सुटं, फिरणारं. दुसऱ्या बंदुकीवरून आलेलं असू शकतं. त्यामुळे शिक्का वाचा, पण अंगही तपासा.

दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचं, तर नावच काढू नका. माझ्या पहिल्या खरेदीत मला पटवलं गेलं होतं की वळवलेल्या सळईचा दस्ता म्हणजे मार्क 2 आणि टीच्या आकाराचा म्हणजे मार्क 3. टी बघून मी खुशीत जास्त पैसे मोजले. घरी येऊन पाठीवर बोट फिरवलं तर गुळगुळीत. मार्क 2! दोन्ही दस्ते दोन्हींवर बसतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

बंदूक निकामी केल्याचं सर्टिफिकेट मात्र आधी शोधा. ते 2016 च्या नव्या निकषांपूर्वीचं असेल तर बंदूक जवळ ठेवता येते, पण नव्या निकषांनुसार पुन्हा निकामी केल्याशिवाय विकता किंवा भेट देता येत नाही.

प्रश्न : पितळी मॅगझिन-घराची, लाकडी दस्त्याची बंदूक पाहिली. तीही स्टेनच का?

उत्तर : नाही, ती लँचेस्टर. जर्मन एमपी 28 या सब-मशिनगनची नक्कल, रॉयल नेव्हीसाठी. मॅगझिन 50 गोळ्यांचं, स्टेनचं 32. ट्रिगर-गार्डच्या पुढे एकेक गोळी की सलग मारा हे बदलायचा खटका असेल तर मार्क 1. नावापुढे तारा आणि खटका गायब, तर ती फक्त सलग चालणारी.