पाणी पचत नाही, जिरतं

सोलापूरहून प्रश्न आला आहे : “आमच्या घरी ‘कडक भाकरी जिरत नाही’ म्हणतात, पुण्याहून आलेली सून ‘पचत नाही’ म्हणते. बरोबर कोणतं? की दोन्ही एकच?”

एकच मुळीच नाहीत. ‘गार पाणी पचत नाही’, ‘लिंबूपाणी पचायला हलकं’ ही वाक्यं हल्ली उठता-बसता कानावर येतात, म्हणून हे एकदा स्पष्ट सांगायलाच हवं. पचणं म्हणजे मोठ्या रेणूंचे तुकडे होणं. पाण्यात तोडायला आहे काय? पाणी पचत नसतं, ते जिरतं.

‘पचन’चे शिजणं-पिकणं हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडतो. एवढंच सांगतो, की १८३६ साली जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वानने जठररसातल्या विकराला (एन्झाइमला) ‘पेप्सिन’ नाव दिलं ते पचनाच्या ग्रीक शब्दावरून, आणि तो ग्रीक शब्द व आपला ‘पच्’ धातू एकाच मुळातले आहेत. पेप्सिन म्हणजे पचनाचा सख्खा भाऊ.

आता भाकरीचा घास कुठवर पचतो ते पाहा. तोंडात लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्च तोडून माल्टोज ही साखर करू लागतं. कडक भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते ती यामुळेच. जठरातल्या आम्लाचा सामू (pH) उपाशीपोटी १.५ ते २ इतका खाली असतो. त्या आम्लात पेप्सिनोजेनचं, म्हणजे पेप्सिनच्या निष्क्रिय रूपाचं, पेप्सिन होतं आणि प्रथिनांच्या साखळ्या तुटू लागतात. ज्वारीची इथे एक अडचण आहे. तिच्यातलं काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजवल्यावर आपापसांत असं जखडतं, की पेप्सिनला ते तोडणं उलट जड जातं. पुढे लहान आतड्यात पित्त शेंगाचटणीच्या तेलाचे बारीक थेंब करतं (पित्तात विकर नसतं, तेल तोडायचं काम लायपेज या विकराचं), आणि स्वादुपिंडाचा रस स्टार्च, प्रथिनं, मेद तिन्हींचं उरलेलं काम करतो. शेवटचे तुकडे आतड्याच्या अस्तरावरची विकरं पाडतात. इथवर पचणं.

यानंतर जिरणं. लहान आतड्याच्या अस्तरावर जेमतेम १ मिलिमीटर उंचीचे रसांकुर असतात. त्यांच्यातून ग्लुकोज आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे सुटे तुकडे) रक्तात जातात, बहुतेक मेद लसिकेत (लिम्फमध्ये). पाणी तर जिरतच असतं. पिण्या-खाण्यातून साधारण २ लिटर आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे शरीराचेच ७ लिटर असा रोज सुमारे ९ लिटर द्रव आतड्यात येतो. बाहेर पडतो तो १००-२०० मिलिलिटर. बाकी सगळा जिरतो.

बिघाड कुठे झाला हे कळण्यासाठीही दोन शब्द वेगळे हवेत. लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर तोडणारं विकर, कमी असलेल्या माणसाला दूध ‘पचत नाही’. न तुटलेली दुधातली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात, पोट फुगतं. सीलिॲक या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे रसांकुर झिजून सपाट होतात. तिथे पचलेलंही ‘जिरत नाही’. हगवणीत पाणी जिरण्याऐवजी बाहेर जातं. त्यावर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हा उपाय चालतो, कारण साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आतड्याच्या पेशीत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. साखर जास्त पडली तर मात्र ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

भाषेला हा फरक केव्हाच कळलेला आहे. लाच पचते, मस्ती जिरते. उलट करून म्हणून बघा. पैसा खाणारा तो पचवतो, आपण त्याची जिरवतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस पडला की पाणी जिरलं का, वापसा आला का, हेच विचारतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा ‘पाणी पचवा’ अशी कुणी केली असती का?

‘वैद्यकात पाण्यालाही पचन सांगितलंय’ असं बजावणाऱ्यांनी आपलाच श्लोक वाचावा : ‘आमं जलं जीर्यति याममात्रम्’, म्हणजे न तापवलेलं पाणी एका प्रहरात... क्रियापद बघा, जीर्यति! पुढे त्यात ‘प्रपाक’ (पचन) हा शब्दही येतो हे मला माहीत आहे, पण कर्त्याला आधी सुचलं ते जीर्यति, आणि तेच महत्त्वाचं.

या ‘जीर्यति’चंच आपलं ‘जिरणं’ झालं. धातू ‘जॄ’, मूळ अर्थ झिजणं, वयाने उतरणं. जरा, जर्जर, जीर्ण, अजर ही सगळी त्याचीच लेकरं. ग्रीकमध्ये ‘गेरोन’ म्हणजे म्हातारा, त्यावरून डॉक्टरांचं ‘जेरियाट्रिक’, म्हणजे वृद्धांच्या उपचारांचं. खरी गंमत पुढे आहे. लॅटिन ‘ग्रानुम’ म्हणजे धान्याचा दाणा, इंग्रजी ‘ग्रेन’ त्याचाच. अनेक भाषाशास्त्रज्ञ या ‘ग्रानुम’ची आणि ‘जीर्ण’ची घडण एकच मानतात : वय होऊन पक्व झालेलं. म्हणजे कणसात जून झालेला दाणाही तोच शब्द आणि पोटात जिरलेलं अन्नही तोच शब्द. न जिरलं की अजीर्ण.

आणि जिरं? फारसीत ‘झीरा’ आहे म्हणून जिरं तिकडून आलं असं ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते साफ अमान्य. माझ्या मते जिरं म्हणजे जिरवणारं. अमरकोशात ‘जीरक’च्या शेजारीच त्याचं दुसरं नाव दिलं आहे ‘जरण’, आणि जरण म्हणजेच जिरवणारं. फारसीवाल्यांनी आधी या ‘जरण’चा उलगडा करावा.